मदत हवी आहे: सांडपाण्याच्या गाळाच्या कंपोस्टमध्ये करंजाची रोपं करपतायत

नमस्कार. लातूर जिल्ह्यात आमच्या बचत गटाची छोटी रोपवाटिका आहे. गावात जनावरं कमी झाली, शेणखत परवडेना. म्हणून यंदा सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला वाळलेला गाळ आणला, पाचट आणि बारीक केलेल्या पऱ्हाट्या मिसळून ढीग लावला. तीन महिने कुजवला, दर पंधरवड्याला उलथला. मधोमध सळई खुपसून काढली की हाताला चटका बसायचा. शेवटी काळं, भुसभुशीत खत झालं, वासही मातीचाच.

पिशव्यांत निम्मं खत, निम्मी काळी माती भरली. करंज चांगला उगवला, पण आता पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळतायत. मातीवर पांढरी खपली धरते. बोअरचं पाणी मचूळ आहे खरं, पण त्याच पाण्यावर शेजारची शेणखतातली रोपं हिरवीगार आहेत.

निंबोळ्या आता पडायला लागल्यात. निंबोळीची उगवणशक्ती दोन-तीन आठवड्यांत जाते, चुकलं तर पुढच्या वर्षीच. खताचं प्रमाण किती ठेवू?

दुसरी काळजी मोठी आहे. बायका उघड्या हातांनी पिशव्या भरतात, एकीचं तान्हं लेकरू तिथंच झोळीत असतं. खतात जंतांची अंडी राहिली असतील का?

प्रतिसाद:
ताई, आधी लेकरू तिथून हलवा आणि सगळ्यांना हातमोजे द्या. जंतांची अंडी फार चिवट असतात. अमेरिकेच्या सांडपाण्याच्या गाळाबद्दलच्या १९९३ च्या नियमात उलथून कुजवायच्या लांब ढिगाला १५ दिवस ५५ अंशांच्या वर तापमान आणि तेवढ्यात पाच वेळा उलथणी सांगितली आहे. पंधरवड्यातून एकदा उलथलं तर कडेचा माल तापतच नाही. उरलेल्या खतात ताजं शेण, हिरवा पाला मिसळून ढीग पुन्हा तापवा.

खपली क्षारांची आहे. आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टची क्षारता (विद्युत वाहकता) ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आत लागते, कोवळ्या रोपाला तेवढीही जड जाते. एक भाग खत, दोन भाग माती, एक भाग वाळू घ्या. नुसती काळी माती पिशवीत चोपून बसते. आहेत त्या पिशव्यांची भोकं मोकळी करून पावसाचं पाणी भरपूर सोडा, क्षार खाली निघून जातील. त्या शहरात कारखाने असतील तर कॅडमियम आणि शिसंही तपासून घ्या, मर्यादा किलोला ५ आणि १०० मिलिग्रॅम. भाजीपाल्याला हे खत अजिबात नको.

धागाकर्ती:
दादा, लेकराची झोळी आजच आंब्याखाली नेली. निंबोळीला यंदा जुनं शेणखतच वापरते, तीसेक पाट्या शिल्लक आहेत. ढीग पुन्हा लावताना वरून पाचटाचं जाड पांघरूण घातलं तर कडेचा मालही तापेल का?