गव्हर्नन्स म्हणजे शासन का कारभार?

प्रश्न: सोलापुरातल्या आमच्या वाचकमंडळासाठी लंडनच्या चॅटम हाउसवर (स्थापना १९२०) मराठीत टिपण लिहिते आहे. परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करणारी ही स्वतंत्र संस्था, म्हणजे 'थिंक टँक'. एका वाक्यात मी 'सुशासन, पारदर्शकता आणि समावेशन' असं लिहिलं. वडिलांनी ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे सरकारी संस्था का ही?" कुठं चुकलं?

उत्तर १: ताई, वडिलांचा कान बरोबर आहे. मराठीत 'शासन' म्हटलं की महाराष्ट्र शासनच आठवतं. जी संस्था सरकारपासून वेगळी राहायला धडपडते, तिच्या कामाला तोच शब्द लावला तर अर्थ उलटतो. 'कारभार' लिहा. सिद्धेश्वर देवस्थानाची पंचकमिटी आपल्याला माहीत आहे. विश्वस्त कोण, ते कसे निवडले जातात, हिशेब कोण तपासतं, हे सगळं 'कारभार' या एका शब्दात येतं.

उत्तर २: सहमत, पण सरसकट नको. दिल्लीची इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स हीसुद्धा परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करणारी संस्था, १९४३ची. २००१च्या कायद्यानं उपराष्ट्रपती तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. तिथं सरकारशी असलेला संबंध शब्दांतही दिसला पाहिजे.

प्रश्नकर्ती: आणि पारदर्शकता? चॅटम हाउसचा १९२७चा नियम तर सांगतो, बैठकीत ऐकलेलं बाहेर वापरा, पण कोण बोललं ते सांगू नका.

उत्तर १: म्हणूनच नुसतं 'पारदर्शकता' लिहून भागत नाही. काय उघडं आणि काय झाकलेलं, ते वाक्यात यायला हवं. वक्त्याचं नाव झाकलं तर माणूस मोकळं बोलतो, ते मला मान्य आहे. देणगीदाराचं नाव झाकलं तर मात्र अहवालावर विश्वास कसा ठेवायचा? पैशाबद्दल सरळ 'देणग्यांचा उघड हिशेब' म्हणा. ('पारदर्शिता'ही चालतं, ते 'पारदर्शी'वरून आलं. अर्थ तोच.)

उत्तर ३: मला 'समावेशन' जास्त खटकतं. समावेश यादीत होतो. दुसरा कुणीतरी नाव घालतो. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा आमच्या भागात टॉवेलच्या ऑर्डरींचीच चर्चा होती. परराष्ट्र धोरण यंत्रमागापर्यंत पोचतं ते असं. त्यावर चर्चा ठेवली आणि मागावरच्या तेलुगू बोलणाऱ्या मावशींना खुर्ची दिली, तर तो समावेश झाला. त्यांना त्यांच्या भाषेत बोलता आलं आणि त्यांचं म्हणणं टिपणात उतरलं, तर सहभाग झाला. मी 'सहभाग' लिहीन.

उत्तर २: पण नोकरभरतीत किंवा विश्वस्त मंडळात सगळ्या थरांतली माणसं असणं, हे 'सहभाग'मध्ये पुरतं येत नाही. तिथं 'सर्वांना सामावून घेणं' बरं.

प्रश्नकर्ती: मग वाक्य असं करते: 'संस्थेचा कारभार कसा चालतो, देणग्यांचा हिशेब किती उघड आहे आणि तिथं कुणाकुणाला बोलायला जागा मिळते.' 'थिंक टँक' तसंच ठेवते. 'विचारगट' वाचून वडिलांना भिशीचा गट वाटला.