जुना एचपी १०२० वायफायवर घेतला, पण लाइन गेली की प्रिंट बंद. काय करू?

वावरवाला_आर्णी

राम राम मंडळी. आर्णी तालुक्यात गावामंदी आपलं सेवा केंद्र हाय, सामोर दुकान अन् मांगं घर. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०, सेकंडहँड घेतलेला, बारा-ए कार्ट्रिज रिफिल करू करू चालवून रायलो, पण मशीन लय दणकट हाय म्हणून बदलायची इच्छा नाई. अडचण येवढीच की त्याले फक्त यूएसबी हाय, वायफाय नाई. पीक विम्याच्या टायमाले सामोर मी बसतो अन् मांगं बायको तिच्या लॅपटॉपवर फॉर्म भरते, अन् पोट्टा पेन ड्राइव्ह घेऊन दिवसभर सामोरून मांगं, मांगून सामोर. वरून लोकं सातबारा व्हॉट्सॲपवर पाठवतात, तो मोबाइलवरून कॉम्प्युटरवर घ्या, मंग प्रिंट मारा, तवरक दुकानात दहा जण उभे.

म्हणून मागच्या महिन्यात ऑनलाइन वायरलेस प्रिंट सर्व्हरचा डबा मागवला, अडीच हजाराले पडला. खोक्यावर लिवलं होतं सगळ्या यूएसबी प्रिंटरले चालते. पहिल्या दिवशी मस्त चालला, बायकोनं मांगून प्रिंट मारली अन् सामोर कागद निघाला, मी तं शेजारच्या किराणावाल्याले बोलावून दाखवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइन गेली, आली, अन् तवापासून प्रिंट निघूनच नाई रायली. लॅपटॉपवरून जॉब जाते, यादीतून गायब होते, एररबी नाई, प्रिंटर ढिम्म. केबल काढून दुकानातल्या कॉम्प्युटरले लावली तं लगेच चालते, अन् गंमत म्हणजे तीच केबल परत डब्याले लावली तं डब्यावरूनबी चालते! मंग लाइन गेली की पुन्हा बंद. असं चार-पाच डाव झालं. विकणाऱ्याले फोन लावला तं तो म्हणते तुमचं वायफाय कमजोर हाय. डबा प्रिंटरच्या उशाले ठेवला हाय राजेहो, राउटर दीड हातावर. आता करू काय?

बिनतारी_नागपूर

डब्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, बदलत असेल. लाइट गेली की राउटर रीस्टार्ट होतो, डब्याला नवीन आयपी देतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर पाठवत बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्याचा मॅक ॲड्रेस (त्याचा स्वतःचा कायमचा नंबर) टाकून एक आयपी रिझर्व्ह करून टाका. डबा वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झवर आहे ना तेपण पाहा, असले डबे बहुतेक ५ वर चालतच नाही.

वावरवाला_आर्णी

केलं भाऊ. १९२.१६८.१.५० फिक्स केला, ब्राउझरमंदी डब्याचं पान उघडते, त्यात प्रिंटरचं नाव दिसते अन् पुढं रेडी लिवलेलं. तरी तेच.

टोनरकाका_हिंगणघाट

आयपी फिक्स करायचा सल्ला बरोबरच आहे, ते राहू द्या तसंच, पण तुमचा रोग तो नाही. रोग काय ते तुम्हीच लिहून ठेवलंय: केबल कॉम्प्युटरला लावून काढली की डब्यावर चालतो.

१०२० च्या पोटात त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्राम, कायमचं राहतच नाही. प्रिंटर चालू केला की विंडोजचा ड्रायव्हर एक छोटी फाइल त्याच्या मेमरीत ढकलतो, ती पोचली की आतला रोलर एकडाव घुर्रर्र करून फिरतो आणि मग तो कामाला लागतो. सकाळी दुकान उघडल्यावर तो आवाज तुम्ही रोज ऐकत असाल. पॉवर गेली की ती फाइल पुसली जाते. तुम्ही केबल कॉम्प्युटरला लावता तेव्हा कॉम्प्युटर गुपचूप फाइल देऊन टाकतो, मग प्रिंटर बंद न करता केबल डब्यात घातली तर चालणारच, कारण फाइल अजून आत आहे. लाइन गेली की प्रिंटर सगळं विसरला, आणि डब्याला बिचाऱ्याला अशी काही फाइल द्यायची असते हेच माहीत नाही. रेडी दिसतं ते यासाठी की प्रिंटर कोरा असला तरी आपलं नाव तेवढं सांगतो. नाव विचारलं तर सांगते, काम सांगितलं तर पाहत राहते, असा गडी आहे तो.

यात डबा खराब नाही आणि वायफायही नाही. हे प्रिंटर होस्ट-बेस्ड, म्हणजे पानाची सगळी जुळवाजुळव कॉम्प्युटर करतो, प्रिंटरला आपली २ एमबी मेमरी. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या छपाईच्या भाषा स्वतः समजणारा प्रिंटर असता तर याच डब्यावर जन्मभर चालला असता. खोक्यावर 'सगळ्या प्रिंटरले चालते' छापणाऱ्याला एकदा १०२० घेऊन बसवलं पाहिजे.

आज रात्रीपुरता जुगाड: लाइन आली की केबल आधी कॉम्प्युटरला, घुर्रर्र ऐकू आलं की डब्याला. कायमचा इलाज उद्या लिहितो, आता जेवायला बोलावून राहिले.

धानवाला_गोंदिया

काका माझ्याकडे कॅनन एलबीपी २९०० आहे, त्यालापण हाच लोच्या का? मी तर असाच डबा घ्यायच्या बेतात होतो, कार्टमध्ये टाकून ठेवला आहे.

टोनरकाका_हिंगणघाट

कार्टमधून काढा आधी. कॅननची गोष्ट वेगळी आहे पण निकाल तोच. त्याची भाषा कॅप्ट नावाची, कॅननची स्वतःची, त्यात ड्रायव्हर आणि प्रिंटर छापताना सारखे एकमेकांशी बोलत राहतात, आणि स्वस्त डबे नुसते एका बाजूनं डेटा ओततात, उलट उत्तर आणत नाहीत.

आता आर्णीवाल्यांचा इलाज. प्रिंटरजवळ डब्याच्या जागी असं काहीतरी पाहिजे ज्यात खराखुरा ड्रायव्हर चालतो, म्हणजे तेच फाइलपण ढकलेल आणि पानपण बनवेल. दुकानातल्या कॉम्प्युटरवरूनच विंडोज शेअरिंग करता येतं, फुकट आहे, पण तो दिवसभर चालू पाहिजे, आणि २०२१ च्या सप्टेंबरमधल्या अपडेटपासून शेअर केलेल्या प्रिंटरला ०x०००००११बी एरर येऊन लोकं रडकुंडीला आले, त्यावर जो रजिस्ट्रीचा उपाय फिरतो त्यानं मायक्रोसॉफ्टनं लावलेलं सुरक्षेचं कुलूपच उघडं पडतं. वरून मोबाइलचा प्रश्न त्यानं सुटत नाही. दुसरं म्हणजे यूएसबीवाला राउटर घेऊन त्यात ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारं लिनक्स) टाकणं, त्यात पी९१०एनडी म्हणून बारकासा प्रोग्राम आहे, पोर्ट ९१०० वर ऐकत बसतो, आणि प्रिंटर चालू झाला की फाइल ढकलायची छोटी स्क्रिप्ट लिहायची. मी स्वतः तसं चालवलं आहे, लॅपटॉपवरून एकदम झकास, पण मोबाइलवरून नाही, कारण पान बनवायला तिथं कोणीच नाही.

तुमच्यासाठी लिनक्स आणि कप्स, म्हणजे त्यातलं छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू घेतला तर विडीच्या बंडलएवढा कॉम्प्युटरचा बोर्ड, वायफाय आत, ५१२ एमबी रॅम, यूएसबीला ओटीजी पिन लागेल. पण एक सांगून ठेवतो, आपल्याकडे लाइन जशी जाते तशी अचानक गेली की पायचं मेमरी कार्ड खराब व्हायला वेळ लागत नाही, मी दोन कार्डं घालवली तेव्हा अक्कल आली. म्हणून विचारतो, घरात एखादा जुना लॅपटॉप पडून आहे का? स्क्रीन फुटलेला चालेल, कीबोर्डवर चहा सांडलेला चालेल, बॅटरी अर्धा तास जरी टिकली तरी बस. त्याच्यात यूपीएस आयतंच आलं.

वावरवाला_आर्णी

साळीचा कॉलेजचा हाय, स्क्रीनवर उभ्या रेघा पडल्या म्हणून माळ्यावर टाकला, ४ जीबी रॅम. लिनक्स मले येत नाई पण पाहून पाहून करतो, तुमी पायऱ्या सांगा.

टोनरकाका_हिंगणघाट

झालं मग काम. लिनक्स मिंट टाका, पेन ड्राइव्हवरून अर्ध्या तासात होतं, रेघांमधून दिसत नसेल तर तेवढ्यापुरता दुकानातला मॉनिटर लावा. कप्स आणि एचपीलिप (एचपीचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर) त्यात असतंच. मग टर्मिनलमध्ये एचपी-प्लगइन ही कमांड चालवा, ती इंटरनेटवरून एचपीचा बंद तुकडा आणते, तुमची ती फर्मवेअरची फाइल त्यातच आहे, हे केलं नाही तर प्रिंटर लिनक्सवरपण ढिम्मच राहील. नंतर एचपी-सेटअपनं प्रिंटर जोडा. मग त्याच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट कोलन ६३१ उघडा, ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये प्रिंटर शेअर करायच्या खुणेवर टिक. लॅपटॉपचा आयपी राउटरमध्ये रिझर्व्ह करा, नागपूरवाल्यांनी सांगितलं तसाच.

दोन ठिकाणी लोकं अडकतात. झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो, मग तुम्ही म्हणाल काकानं फसवलं, तर पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण लावल्यावर काहीच करू नको असं करा. आणि एचपीलिप अपडेट झालं की जुना प्लगइन त्याला चालत नाही, प्रिंटर पुन्हा मुका होतो, तेव्हा घाबरू नका, एचपी-प्लगइन परत चालवायचं.

सेवा केंद्र आहे म्हणून हे खास. कप्स छापून झालेली फाइलसुद्धा एक दिवस स्वतःजवळ ठेवतो. तुमच्याकडे लोकांचे आधार, पासबुक, जातीचे दाखले येतात, ते त्या लॅपटॉपात पडून राहायला नको. कप्सच्या सेटिंग फाइलमध्ये प्रिझर्व्ह जॉब फाइल्सच्या पुढं नो लिहून टाका. आणि हे वायफाय गिऱ्हाइकाला देऊ नका, राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असेल तर ते द्या, नाहीतर पोट्टे बाहेर बाकावर बसून तुमच्या कागदावर क्रिकेटवाल्यांचे फोटो काढतील.

कृषीकेंद्र_दारव्हा

मी मधात बोलते, माफ करा. आमच्याकडे बिलाले टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स हाय, एमएसपी २५०, यूएसबीवाला, अन् त्याले असाच डबा लावला हाय, खत-बियाण्याच्या गर्दीतबी चालून रायला, लाइन गेली आली तरी काई होत नाई. मंग आमचं काहून चालते काका? फक्त आमच्या विंडोजमंदी मधामधात ऑफलाइन दाखवते अन् बिलं अडकून बसतात, कॉम्प्युटर बंद-चालू केला की धाडधाड एकदम आठ-दहा निघतात.

टोनरकाका_हिंगणघाट

ताई, डॉट मॅट्रिक्सला शिकवावं लागत नाही. त्याला साधी अक्षरं पाठवली की तो ठोकत सुटतो, फर्मवेअर त्याच्या चिपमध्ये पक्कं बसलेलं, म्हणून त्याच्यासाठी तो डबा सोनं आहे. ऑफलाइनचं म्हणाल तर प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट, तिथं खाली एसएनएमपी स्टेटस एनेबल्डची टिक काढा. विंडोज त्या नावानं डब्याची तब्येत विचारत राहतं, डब्याला उत्तर देता येत नाही, तर विंडोज म्हणतं मेला. टिक काढली की विचारणंच बंद.

बिनतारी_नागपूर

लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर लावू नका हं कोणी. गरम व्हायला तो एकदम शेकडो वॅट ओढतो, छोटा इन्व्हर्टर लगेच ओव्हरलोड दाखवतो. राउटर अन् लॅपटॉप बॅकअपवर ठेवा, प्रिंटर मेनवर.

कृषीकेंद्र_दारव्हा

टिक काढली. काल दिवसभर एकबी बिल अडकलं नाई. आमचा मुलगा दोन वर्षांपासून म्हणत होता की प्रिंटरच बदला.

वावरवाला_आर्णी

आठ दिवस झाले, सांगतो काय झालं ते. मिंट टाकाले दोन रात्री गेल्या, पहिल्या रात्री पेन ड्राइव्हच चुकीचा बनवला होता. प्लगइन तं उतरला पण प्रिंटर बंद करून चालू केला तरी घुर्रर्र काई आलं नाई, मंग एचपी-फर्मवेअर म्हणून कमांड सापडली, ती हातानं चालवली अन् आला आवाज, बायको आतून म्हणे चालू झाला वाट्टे. लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावर तवापासून आपोआप होते, का झालं ते मले नाई समजलं.

मोबाइलवर काईच टाकाव नाई लागलं, अँड्रॉइडच्या प्रिंटमंदी एचपी १०२० आपोआप दिसला. व्हॉट्सॲपवरची पीडीएफ उघडली, तीन टिंबं, प्रिंट, बस. पहिलं पान निघाले लॅपटॉप जराक विचार करते, सात-आठ सेकंद, मंग सटासट. परवा पावसात लाइन तीन डाव गेली. तिन्ही डाव लाइन आली की मी प्रिंटरकडं कान देऊन बसलो, तिन्ही डाव घुर्रर्र झालं. एकडाव रात्री सहा घंटे नव्हती तवा लॅपटॉपची बॅटरी उतरली, सकाळी त्याचं बटण दाबाव लागलं, तेवढं चालते. त्या प्रिझर्व्हपुढंबी नो लिवलं. पोट्टा म्हणते आता मले काम नाई, पेन ड्राइव्ह मले देऊन टाका.

दारव्हावाल्या ताई, तो डबा रिकामा पडून हाय, तुमाले दुसऱ्या काउंटरले पाह्यजे असन तं सांगा.

कृषीकेंद्र_दारव्हा

पाह्यजे नं भाऊ. गोडाऊनवरबी एक तसलाच प्रिंटर हाय. पैसे किती?

वावरवाला_आर्णी

हजार द्या. सकाळच्या एसटीत कंडक्टरजवळ देतो, अडॅप्टर अन् खोकं दोन्ही हाय. खोक्यावरचं वाचू नका फक्त.