पेंटिंग की अप्लाइड? भाचीचा फॉर्म अडलाय

फोंड्याचा मामा
मंडळी, भाची बीएफएच्या, म्हणजे कलेच्या पदवीच्या, पहिल्या वर्षाला आहे. हे वर्ष सगळ्यांना सारखं असतं, पुढची तीन वर्षं कशात घालवायची ते आता ठरवायचंय. घरात दोन तट पडलेत. बहीण म्हणते अप्लाइड (जाहिराती, लेबलं वगैरेंची कला) घे, पदवी हातात पडली की पणजीत एखाद्या एजन्सीत चिकटशील. भाचीला पेंटिंगच हवंय. का, विचारलं तर म्हणते, "मामा, अप्लाइडला आधी ब्रीफ येतं, गिऱ्हाइकाला काय हवंय ते, मग काम. मला ब्रीफ नको." मी बँकेतला माणूस, चित्राशी संबंध कॅलेंडरापुरता. माझा कल बहिणीकडे आहे, तरी विचारतो.

होर्डिंगवाला
बहीण बरोबर आहे. मी अप्लाइडचाच. गोव्यात पोटाला लावणारं काम कुठलं? मांडवीतल्या कॅसिनोंची होर्डिंगं, हॉटेलांची मेनूकार्डं, काजूच्या पाकिटांवरची लेबलं. यात कला नाही म्हणणाऱ्याने एकदा बाटलीच्या लेबलावर चार ओळी नीट बसवून दाखवाव्यात. माझ्याबरोबरचे पेंटिंगवाले? दोघं शाळेत ड्रॉइंग शिकवतात, एकाने होमस्टे काढलाय. भिंतींवर चित्रं मात्र स्वतःची आहेत.

तांबडी माती
तेच लेबल आज एआय चहा उकळेपर्यंत दहा तऱ्हांनी करून देतं. ज्याला तुम्ही पोटाची हमी म्हणता, तीच आधी जाणार. समोर माणूस बसवून तासन् तास हेड स्टडी, म्हणजे चेहऱ्याचा अभ्यास, केलेला हात मात्र कुठेही कामाला येतो. चित्रकार लक्ष्मण पै बघा. मडगावचा माणूस, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, पॅरिसात दहाएक वर्षं काढली, आणि 1977 ते 1987 आपल्या गोवा कला महाविद्यालयाचा प्राचार्य होता. ब्रीफची वाट बघत बसले असते तर?

आणि एक. आपल्या देवळांच्या भिंतींवरचं कावी काम आठवा. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. हे परत करू शकणारी माणसं हवीत. ती भिंतीसमोर उभं राहायची सवय असलेल्यांतूनच येतील, लॅपटॉपसमोर बसणाऱ्यांतून नाही.

होर्डिंगवाला
पैंचं नाव घेतलं की आम्ही गप्प बसायचं का? मग मी लोटलीच्या मारियोंचं घेतो. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी सुरुवातीची चार वर्षं जाहिरातीच्या स्टुडिओत काढली. ब्रीफ आणि डेडलाइन. त्यातून बिघडले का? आणि त्यांनी शिक्षण घेतलं होतं इतिहासाचं.

तांबडी माती
म्हणजे तुमच्या हिशेबाने भाचीने इतिहास घ्यावा. मामा, फॉर्म फाडा.

माशेलची
तुम्हा दोघांचं चालू द्या. आमच्याकडे गणपतीच्या मूर्तींची चित्रशाळा आहे, चतुर्थीआधी दोन महिने घरात पाय ठेवायला जागा नसते. माझा भाऊ अप्लाइड शिकला, तेव्हा अक्षरं ब्रशने काढायला लावायचे. त्या सरावाने त्याचा हात असा काही स्थिर झाला की आता सगळ्या मूर्तींचे डोळे तोच आखतो, बाबासुद्धा त्याच्याकडे देतात. पण आता अक्षरं कॉम्प्युटरवर निघतात. त्यामुळे विषयाच्या नावावर जाऊ नका. शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा, आठवड्यातले किती तास हाताने काम असतं, एचिंगचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून चित्र छापायचा, प्रेस खरंच फिरतो की धूळ खातो. आणि भाचीची स्केचबुक मागा. कॉलेजला दाखवायची नव्हे, पिशवीतली.

दोन पैसे माझे
खर्चाचं कोणी बोलत नाही. अप्लाइडला लॅपटॉप एकदाच, पेंटिंगला कॅनव्हास आणि ऑइलचे रंग दर महिन्याला. माझ्या मुलाने तीन वर्षं आम्हाला पिळलं.

होर्डिंगवाला
एकदाच? सॉफ्टवेअर काय फुकट येतं?

फोंड्याचा मामा
स्केचबुक मागितली. आधी दिली नाही, मग जेवणानंतर गुपचूप टेबलावर ठेवून गेली. फोंडा-पणजी बसमधली माणसं आहेत नुसती. बाणस्तारीच्या पुलावर डुलकी लागलेली, जुन्या गोव्याला उतरताना पिशव्या सावरणारी, एका म्हाताऱ्याचा कान तर सहा वेळा काढलाय. नव्वदेक पानं, आणि अक्षर एकही नाही, तारीखसुद्धा नाही. होर्डिंगवाले, तुमचं म्हणणं खोटं नाही, पण ही लेबलाच्या चार ओळी बसवणार नाही, चारातल्या तीन विसरेल.

फॉर्म शुक्रवारी द्यायचाय. बहिणीला पटवायचं माझ्याकडे आलंय. रंगांचा खर्च मी बघतो म्हटलं तर ऐकेल बहुतेक. दोन पैसे माझे, महिन्याला साधारण किती धरू?