पेट्रोल हेली: इंधनाचं मिश्रण बदलल्यावर एल आणि एच नीडल किती फिरवायच्या?

हॉव्हर_हात
रिमोटवर उडणारं पेट्रोल हेलिकॉप्टर (हेली), झेनोआ जी२९० इंजिन, वॉलब्रो कार्ब (हवा आणि इंधन मिसळणारा कार्ब्युरेटर). आधी इथेनॉल नसलेलं पेट्रोल आणि ४०:१ तेल (४० भाग पेट्रोलला १ भाग तेल) होतं, एल (लो) आणि एच (हाय) या दोन्ही नीडल, म्हणजे उघडल्यावर इंधन वाढवणारे कार्बचे स्क्रू, सव्वा फेरा उघड्या. आता ई१० (१० टक्के इथेनॉल असलेलं) पेट्रोल आणि २५:१ तेल आहे. हॉव्हरमध्ये (हवेत एका जागी स्थिर असताना) गव्हर्नर, म्हणजे रोटरचा वेग कायम राखणारी यंत्रणा, सतत वरखाली शोधत राहतो, जोरात चढवलं की तीन-चार सेकंदांनी हेडस्पीड (रोटरचा वेग) पडतो, आणि उतरल्यावर आयडल (इंजिनाचा किमान वेग) लगेच खाली येत नाही. तेल वाढलं म्हणजे मिश्रण रिच (इंधन जास्त) झालं असं धरून एच बंद करायची का?

पिच_पट्टा
बंद करू नका, उलट उघडायची आहे. चढताना स्पीड पडणं आणि उतरल्यावर आयडल लटकून राहणं, दोन्ही लीनची (हवेच्या मानाने इंधन कमी असल्याची) लक्षणं आहेत.

रिच-लीन ठरतं हवेशी जळणाऱ्या पेट्रोलच्या प्रमाणावर. त्या हिशेबात तेल धरायचं नाही. नीडलमधून जे जातं त्यात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा घटतो. ४०:१ मध्ये पेट्रोल ९७.६ टक्के, २५:१ मध्ये ९६.२ टक्के. म्हणजे तेलामुळे इंजिन जेमतेम दीड टक्का लीन झालं. शिवाय तेल जास्त असलेलं मिश्रण घट्ट असतं, बारीक छिद्रातून थोडं कमी वाहतं, तेही त्याच दिशेला नेतं.

मोठा फरक इथेनॉलचा आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. ई१० साठी हा आकडा १४.१ च्या आसपास येतो, म्हणून तेवढ्याच हवेला सुमारे ४ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. ई२० ला साधारण ८ टक्के. तुमच्याकडे दोन्ही बदल एकाच दिशेला झालेत, म्हणून परिणाम एवढा ठळक दिसतोय.

एच १/८ फेरा उघडून सुरुवात करा, एल १/१६. टक्के आणि फेरे यांचा सरळ हिशेब बसत नाही, कारण नीडल निमुळती असते. त्यामुळे हा फक्त आरंभबिंदू, बाकी उडवून ठरवायचं.

निळा_धूर
वरच्या उत्तराशी सहमत, पण हॉव्हरचा मुद्दा वेगळा काढायला हवा. हेलीत हॉव्हर अर्ध्या थ्रॉटलच्या आसपास होतो आणि तिथे एल नीडलचाच अंमल जास्त असतो. विमानात एल म्हणजे आयडल एवढंच धरून चालतं, हेलीत तसं धरलं की माणूस एच फिरवत बसतो आणि हॉव्हर काही सुधारत नाही.

क्रम असा ठेवा:

१. गव्हर्नर बंद करून साध्या थ्रॉटल कर्व्हवर (रिमोटच्या दांडीनुसार आधीच ठरवलेल्या थ्रॉटलवर) या. गव्हर्नर थ्रॉटल हलवून चूक झाकतो, खरं लक्षण कळू देत नाही.

२. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. थंड इंजिनावर लावलेली नीडल गरम झाल्यावर चुकीची ठरते.

३. आधी एल. मिनिटभर स्थिर हॉव्हर करा. आवाज कर्कश आणि स्पीड तरंगत असेल तर १/१६ उघडा. आवाज गुरगुरता, मधूनमधून चुकल्यासारखा येत असेल तर तेवढीच बंद करा. रिच आणि लीन दोन्हीत स्पीड हलतो, म्हणून शंका असेल तेव्हा आधी उघडून पाहा. सुधारलं तर लीन होतं. ही दिशा सुरक्षित.

४. मग एच. पाच-सहा सेकंद जोरात चढवा. सुरुवातीला छान ओढून मग ताकद ओसरली तर लीन, १/८ उघडा. सुरुवातीपासूनच जड आणि धूर जास्त असेल तर रिच, १/१६ बंद करा. सर्वात जास्त ताकद जिथे मिळते तिथून १/१६ ते १/८ रिच बाजूला थांबायचं. हेलीचं इंजिन पंख्याच्या हवेवर थंड होतं आणि लोड सुटत नाही, त्यामुळे इथे कंजुषी केली की पिस्टनवर ओरखडे येतात.

५. पुन्हा हॉव्हर तपासा. पूर्ण थ्रॉटलला एलमधूनही थोडं इंधन जातं, त्यामुळे एक हलवली की दुसरी बिघडते.

६. आयडल स्क्रू सगळ्यात शेवटी. क्लच (इंजिन रोटरला जोडणारा भाग) धरणार नाही इतका खाली, पण इंजिन बंद पडणार नाही इतका वर.

प्रत्येक बदलासाठी हेली खाली, इंजिन बंद, रोटर पूर्ण थांबलेला. फिरत्या रोटरखाली स्क्रूड्रायव्हर कधीही नाही. नीडल पूर्ण बंद करून फेरे मोजतानाही बोटाने हलकेच टेकवा. आवळली तर टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात आणि मग कुठलाच आकडा खरा राहत नाही.

हॉव्हर_हात
उघडून पाहतो. पण पंपावर ई१० लिहिलं असलं तरी खरंच १० टक्के आहे का, हे कसं कळणार? आणि तेल २५:१ च ठेवू का?

पिच_पट्टा
१०० मिलीचा मोजपात्र-सिलिंडर घ्या. १० मिली पाणी, त्यावर ९० मिली पेट्रोल (तेल न घातलेलं), झाकण लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर १० वरून १९ वर गेला तर ९० मध्ये ९ मिली, म्हणजे १० टक्के. दोन-एक टक्क्यांची चूक धरा, पण ई१० आणि ई२० यांतला फरक स्वच्छ दिसतो. हे उघड्यावर करा, ठिणगीपासून लांब, आणि ते पेट्रोल पुन्हा टाकीत नको.

तेलाचं म्हणाल तर २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली, ३२:१ ला ३१ मिली, ४०:१ ला २५ मिली. नव्या इंजिनाला २५:१ ठीक. चालून रुळलेल्या इंजिनाला चांगलं तेल असेल तर ३२:१ पुरतं, प्लगही स्वच्छ राहतो. तेल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचं, डब्यावर जासो एफडी (टू-स्ट्रोक तेलाचा जपानी दर्जा) पाहा. टीसी-डब्ल्यू३ हे पाण्याने थंड होणाऱ्या बोटीच्या इंजिनांसाठी असतं, इथे वापरू नका. एक प्रमाण ठरवलं की तेच ठेवा; प्रमाण बदललं की नीडल परत पाहावी लागते.

डायफ्रॅम_दुरुस्ती
नीडल दोन फेऱ्यांच्या पुढे गेली आणि तरी लीनच वाटतंय, तर थांबा. तो दोष मिश्रणाचा नाही. कार्ब आणि सिलिंडरमधल्या इन्सुलेटरची गॅस्केट, क्रँकचं सील आणि कार्बच्या पंपाला दाब पुरवणारं छिद्र तपासा. इथून हवा शिरली की आयडल गरम झाल्यावर आपोआप चढतं. इथेनॉलने जुना डायफ्रॅम (कार्बमधला पातळ लवचिक पडदा) कडक होतो, तेव्हाही इंधन कमी मिळतं. डायफ्रॅम काढून बोटांत वाकवा. कागदासारखा कुरकुरला तर किट बदला आणि मीटरिंग लिव्हरची (कार्बमध्ये इंधन आत सोडणाऱ्या पट्टीची) उंची गेजने बसवा.

नळी सिलिकॉनची असेल तर आजच काढा, पेट्रोलमध्ये फुगते आणि मऊ पडते. टायगॉनची पिवळी नळी लावा, तीही कडक झाली की बदलायची. टाकीत फेस होत असेल तर तोही लीनसारखाच दिसतो: नळीत बारीक बुडबुडे दिसले तर टाकीखाली फोम घाला आणि क्लंकला (टाकीतल्या नळीच्या टोकाच्या वजनाला) फेल्टचा फिल्टर लावा.

प्लग एनजीके सीएमआर७एच, फट ०.६ ते ०.७ मिमी. कमी-जास्त फटीमुळे होणारं मिसफायर रिचसारखं ऐकू येतं, म्हणून नीडलला हात लावण्यापूर्वी हे बघून घ्या.