अ‍ॅमस्टरडॅमची कालव्याकाठची जुनी घरं, संध्याकाळी, पायी, गाईडशिवाय: कुठून सुरू करू?

ओली_पायवाट

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बाबांना घेऊन बहिणीकडे उट्रेख्टला जाते आहे. दिवसभर भाच्याला आम्हीच सांभाळणार, त्यामुळे अ‍ॅमस्टरडॅमसाठी एकच संध्याकाळ मोकळी मिळेल, साधारण साडेपाच ते नऊ. बोटीची फेरी बाबांना नकोच आहे. ते निवृत्त स्थापत्य अभियंता. पाण्याकाठी चारशे वर्षं उभी असलेली घरं जमिनीवरून, थांबून थांबून बघायची एवढीच त्यांची इच्छा. गाईडमागे घोळक्याने पळायचंही नाही.

नेटवर भल्यामोठ्या याद्या आहेत, पण कुठलं घर कधी आणि कुठून बघावं हे कोणी लिहीत नाही. अंधार पडल्यावर काही दिसतं का? बाबा 71 वर्षांचे आहेत, तीन-चार किलोमीटर चालतात, पण मधे बसायला लागतं.

इंद्रायणी_ते_आम्स्टेल

अंधार पडल्यावर काही दिसतं का, याचंच उत्तर आधी देते. ही घरं बघावीत तर संध्याकाळीच. दिवसा फक्त दर्शनी भिंत दिसते. दिवे लागले की मुख्य मजल्यावरच्या उंच खोल्या उजळतात आणि पलीकडच्या काठावरून त्यांची छतं दिसायला लागतात: गिलाव्याची नक्षी, रंगवलेले ढग, जाड तुळया. इथे पडदे ओढून बसायची पद्धत फारशी नाही. मी अ‍ॅम्स्टेलवेनला राहते, ऑफिस शहरात आहे, आणि घरी परतताना मुद्दाम दोन थांबे अलीकडे उतरून कालव्याकाठाने चालायची मला सवय आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घर बघायचं ते समोरच्या काठावरून. दाराशी उभं राहिलं तर मान दुखते आणि दिसत काही नाही. दुसरं म्हणजे घरांचे क्रमांक. हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त या तिन्ही मोठ्या कालव्यांवर विषम क्रमांक शहराच्या मध्याकडच्या काठावर आणि सम क्रमांक बाहेरच्या. पश्चिमेकडच्या भागात याचा अर्थ असा की विषम क्रमांकाच्या घरांची तोंडं पश्चिमेला आहेत, मावळतीचं ऊन त्यांना मिळतं. सम क्रमांकाची घरं त्या वेळी सावलीत असतात, ती दिवे लागल्यावर बघायची. सगळा क्रम यावरच बसवा.

तुमच्या आठवड्यात सूर्य सात-सव्वासातच्या सुमाराला मावळेल आणि त्यानंतर अर्धा तास उजेड टिकेल. पावणेसहाला सेंट्रल स्टेशनवरून निघा आणि चालत ब्राउअर्सग्राख्त गाठा. तिथली जुनी गोदामं पाच मिनिटं बघा. मोठमोठ्या लाकडी झडपांच्या खिडक्या एकावर एक आहेत. मालाची दारं होती ती, आता आत लोक राहतात. तिथून कायझर्सग्राख्तला वळा आणि सम क्रमांकाच्या बाजूने चालत 123 क्रमांकाच्या घरासमोर थांबा.

या घरासाठी वेळ राखून ठेवा. 1622 सालचं आहे. दर्शनी भिंतीवर सहा दगडी मुखवटे आहेत: अपोलो, सेरेस, मर्क्युरी, मिनर्व्हा, बॅकस, डायना. घरात शिरलेल्या सहा चोरांची मुंडकी मोलकरणीने उडवली अशी दंतकथा गाईड लोक रंगवून सांगतात. मला खरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. शिक्षणशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत ज्याचं नाव घेतात तो कोमेनियस, धर्मयुद्धात देशोधडीला लागल्यावर, दे गेअर कुटुंबाच्या आश्रयाला याच घरात राहिला होता. साडेसहाच्या आधी पोचलात तर ऊन फक्त वरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शिखरावर राहिलेलं असेल आणि खालचे मुखवटे सावलीत. विटांचा लाल रंग तेव्हा जसा उठतो तसा दुपारी कधीच उठत नाही. एल्मच्या झाडांना पानं असतील अजून, त्यामुळे फांद्यांमधली मोकळी जागा शोधून उभं राहावं लागेल.

पुढे वेस्टरमार्क्ट. बाबांना इथे बसवा. प्रिन्सेनग्राख्त 263, अ‍ॅन फ्रँकचं घर, चर्चच्या पलीकडेच आहे. बाहेरून बघायला फार काही नाही. 1942 च्या जुलैपासून 1944 च्या ऑगस्टपर्यंत अ‍ॅन आणि तिच्यासोबतची माणसं नाझींपासून ज्या मागच्या भागात लपून राहिली तो रस्त्यावरून दिसतच नाही. तरी त्या दारासमोर उभं राहावं असं मला वाटतं.

मग राडहाउसस्ट्राटने हेरेनग्राख्तवर या आणि विषम बाजूने 168 ते 172 बघा. दोन शेजारी, दोन वेगळे जमाने. 170-172 हे बार्तोलोत्तींचं घर, 1620 च्या आसपासचं. कालवा जिथे वळतो तिथे भिंतही वळवली आहे. लाल वीट, पांढरा दगड, इंचभर जागा मोकळी सोडलेली नाही. मालक खरं तर फान देन ह्यूव्हेल. बोलोन्याच्या श्रीमंत नातलगाची दौलत मिळावी म्हणून त्याचं आडनाव घेतलं. आणि त्याला चिकटून 168, वास्तुविशारद फिलिप्स फिंगबोन्सने 1638 मध्ये उभं केलेलं, फिकट दगडाचं, शांत. शिखर मानेसारखं उंच आणि दोन्ही खांद्यांवर नक्षी, तो प्रकार शहरात इथून सुरू झाला. हाच फिंगबोन्स पुढे 364 ते 370 ला परत भेटेल, 1660 नंतरची चार जुळी घरं, चारही शिखरं एकसारखी. तिथे पोचेपर्यंत दिवे लागलेले असतील.

त्यानंतर लाइडसेस्ट्राट ओलांडली की हेरेनग्राख्तचं सगळ्यात श्रीमंत वळण लागतं. इथे एकेका मालकाने दोन-दोन भूखंड घेतले, म्हणून घरं रुंद, दार मधोमध, दोन्हीकडे सारख्या खिडक्या. छतं बघायची ती इथे. हळू चाला, दोन्ही काठ बघा.

तसंच पुढे 502 क्रमांकाचं घर आहे. दाराशी खांब, वर सज्जा, आज ते महापौरांचं सरकारी निवासस्थान आहे. 1672 मध्ये ते बांधून घेतलं पाउलुस गोदिनने. तो डच वेस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपैकी, माणसांच्या व्यापारातून पैसा केलेला. 2006 मध्ये घरासमोर तसं सांगणारी फरशी बसवली गेली. 2021 मध्ये महापौरांनी शहराच्या वतीने गुलामगिरीतल्या सहभागाबद्दल माफी मागितली. ती फरशी शोधून वाचा, ही माझी कळकळीची विनंती आहे. या वळणावरची झगमग बघून लोक भारावून जातात, मीही जाते, पण तो पैसा कुठून आला हे त्याच फेरीत कळायला हवं.

शेवट रेगुलीर्सग्राख्तच्या तोंडाशी. पुलांच्या कमानींवर दिव्यांच्या माळा आहेत, एका रेषेत सात पूल दिसतात. तिथून रेम्ब्राँटप्लेन जवळ, 4 नंबरची ट्राम तुम्हाला स्टेशनवर सोडेल. सगळं मिळून साडेतीन किलोमीटरच्या आसपास. बाबा मधेच थकले तर कोनिंग्सप्लेनला 2 नंबरची ट्राम आहे.

आणि दोन गोष्टी जपा. खिडकीतून छत बघा, माणसं नको. फोटो तर अजिबात नको, ती कुणाची तरी जेवायची खोली असते. फोटो काढताना मागे सरकत सायकलींच्या वाटेवर जाऊ नका. सायकलवाले थांबत नाहीत, आणि अंधारात त्यांची घंटा ऐकू येईपर्यंत ते आलेले असतात.

वीटकाम

मी वास्तुविशारद आहे, डेल्फ्टला शिकलो. वरचा मार्ग उत्तम. तुमच्या बाबांसाठी थोडी भर.

घरं पुढे झुकलेली दिसतील. ते खचणं नव्हे, मुद्दाम तशी बांधली आहेत. जिने इतके अरुंद की सामान बाहेरून दोराने चढवायचं. शिखराखाली बाहेर आलेली तुळई आणि आकडा बघा, बहुतेक घरांना आहे. भिंत सरळ असती तर वर जाणारं कपाट खिडक्यांवर आपटलं असतं. पावसाचं पाणीही भिंतीपासून लांब पडतं. कडेला, शेजारच्या घरावर झुकलेली घरं मात्र खरोखर खचलेली. खाली लाकडी खांब ठोकले आहेत. भूजलाखाली बुडालेले असले तर ते कुजत नाहीत, पातळी उतरून हवा लागली की कुजायला लागतात. डाम चौकातला राजवाडा 13,659 खांबांवर उभा आहे, हा आकडा बाबांना आवडेल.

भूखंडांची रुंदीही विचारतील ते. 1613 नंतर हे कालवे खणले तेव्हा साधारण 30 अ‍ॅमस्टरडॅम फुटांचे तुकडे पाडले, आजच्या मापात साडेआठ मीटर. रस्त्यात चालता चालता पावलांनी मोजून बघता येतं.

एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. रेगुलीर्सग्राख्तला गर्दी फार असते. मी असतो तर तिथे न थांबता क्लोव्हेनियर्सबुर्गवालला गेलो असतो. 29 क्रमांकाचं ट्रिपेनहाउस, 1660 ते 1662, शस्त्रांच्या व्यापारातल्या ट्रिप बंधूंचं. बाहेरून एक राजवाडा, आत दोन भावांची दोन घरं, आणि धुराडी उखळी तोफांच्या आकाराची. रेम्ब्राँटचं 'नाइट वॉच' 1885 पर्यंत याच इमारतीत टांगलेलं होतं. बरोबर समोर, 26 क्रमांकाचं घर जेमतेम अडीच मीटर रुंद. या दोन घरांत इकडून तिकडे नजर फिरवली की त्या शतकाची आर्थिक रचना समोर येते.

इंद्रायणी_ते_आम्स्टेल

@वीटकाम, ट्रिपेनहाउस मलाही फार प्रिय आहे, पण ते जोडलं तर बाबांना आणखी एक किलोमीटर पडेल आणि तिथल्या गल्ल्या रात्री जास्त गजबजलेल्या असतात. 502 ची फरशी सोडून तिकडे जाऊ नका एवढंच म्हणेन.

दुपारचा_चहा

आतून घर बघायचं असेल तर संध्याकाळवर विसंबू नका. फान लोन संग्रहालय (कायझर्सग्राख्त 672; पहिला भाडेकरू रेम्ब्राँटचा शिष्य फर्डिनांड बोल) आणि बहुतेक घर-संग्रहालयं पाचच्या सुमाराला बंद होतात. बेगाइनहोफमधलं 1528 च्या आसपासचं लाकडी घरही दिवसाच बघावं लागेल, रात्री आवाराचं दार लावतात. शहर जळण्याच्या भीतीने पुढे लाकडी घरं बांधायलाच बंदी आली, म्हणून अशी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली आहेत.

अपवाद अ‍ॅन फ्रँकचं घर, ते रात्रीपर्यंत उघडं असतं. तिकीट मात्र फक्त ऑनलाइन. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची विक्री सुरू होते आणि लगेच संपते. दाराशी जाऊन काही मिळत नाही.

ज्यांच्या तारखा लवचीक आहेत त्यांच्यासाठी: सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी देशभर जुन्या वास्तू लोकांसाठी उघडतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी अ‍ॅमस्टरडॅमची संग्रहालयं मध्यरात्रीनंतरही चालू असतात. त्या रात्री तर स्वतःच्या मनाने घरोघर फिरता येतं.

ओली_पायवाट

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. सम-विषम क्रमांकांचं आणि उन्हाचं गणित त्यांनी लगेच नकाशावर आखून बघितलं, आता साडेआठ मीटरचं माप पावलांनी तपासायची तयारी चालू आहे. अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं येत्या मंगळवारी बघते. मिळाली तर वेस्टरमार्क्टला तासभर जाईल, मग पुढचा भाग कसा बसवू? हेरेनग्राख्तचं काय गाळता येईल?

इंद्रायणी_ते_आम्स्टेल

काही गाळू नका, तिकीट शेवटी ठेवा. साडेआठच्या पुढची वेळ मिळाली तर घ्या. आधी ठरल्याप्रमाणे 123, मग 168 ते 172, पुढचं वळण आणि 502 करा; कोनिंग्सप्लेनपर्यंत मागे या, 2 नंबरच्या ट्रामने डामला उतरा आणि तिथून 13 किंवा 17 नंबरने वेस्टरमार्क्ट. रेगुलीर्सग्राख्त राहील, राहू दे. तुम्हाला नऊची मर्यादा आहे म्हणालात, ती त्या दिवशी बहिणीशी बोलून जरा वाढवून घ्या. उट्रेख्टच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत आहेत. आणि घरात शिडीसारखे उभे जिने आहेत, बाबांच्या गुडघ्यांना ते झेपतील का हे तिकीट काढायच्या आधी त्यांना विचारा.