सेरेंडिपिटी म्हणजे नशीब नव्हे हो!

मांडवीकाठ
"पणजीच्या अठरा जून रस्त्यावर संध्याकाळी सहाला गाडी लावायला जागा मिळाली. केवढी सेरेंडिपिटी!" अशी पोस्ट काल इथं पडली आणि खाली बदामांचा पाऊस. राहवत नाही म्हणून लिहितोय. अहो बाब, तुम्ही जागा शोधत होता आणि जागाच मिळाली. याला नशीब म्हणतात. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकानं २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात हा शब्द घडवला, तो सेरेंदीबच्या, म्हणजे सिंहलद्वीपाच्या, तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून. शोधत नव्हतो ते हाती लागणं, आणि ते ओळखायची अक्कल असणं, दोन्ही हवं. फ्लेमिंगच्या जंतू वाढवायच्या बशीत १९२८ साली बुरशी आली. बुरशी आमच्या लोणच्यावरही येते! तिच्याभोवतीचे जंतू का विरघळले, हे बघायला तो थांबला, म्हणून पेनिसिलीन.

उगीच_बडबड
झालं, मास्तर आले. शब्द वापरणाऱ्याचा असतो. 'अपरोक्ष' म्हणजे खरं तर डोळ्यांसमोर, आपण सगळे 'पाठीमागे' म्हणून वापरतो. जा, तिथं आधी छडी घेऊन उभे राहा. आणि तुमच्या वॉलपोलचं उदाहरण काय, तर रस्त्याच्या डाव्या बाजूचंच गवत खाल्लेलं, म्हणून राजपुत्रानं ओळखलं की खेचर उजव्या डोळ्यानं आंधळं. यात योगायोग कुठाय? हा सरळ तर्क. शिवाय मूळ गोष्टीत उंट आहे. ज्याला जनावर धड आठवत नाही, त्याच्या व्याख्येवर आम्हाला झोडपताय!

केप्याची_सून
इंग्रजी शब्दासाठी डोकी कशाला फोडता? आपल्याकडे काकतालीय न्याय आहे, घुणाक्षर न्याय आहे.

मांडवीकाठ
ताई, कावळा बसला नि ताडाचं फळ पडलं, यात कावळ्याची हुशारी काय? घुणाक्षराचंही तेच. किडा लाकूड पोखरतो, अक्षर उमटतं, पण किड्याला वाचता येत नाही. अक्कल दोन्हीकडे गायब.

केप्याची_सून
बरं, मग हे ऐका. आमचे सासरे श्रावणात चुकलेली म्हैस शोधायला रानात गेले. भर पाऊस, पायात जळवा. म्हैस नाहीच मिळाली. एका जुन्या रोयणीपाशी, म्हणजे वाळवीच्या वारुळापाशी, माती तडकलेली दिसली, वाकून बघतात तर अळमी, रानातली आळंबी! लुंगीचा सोगा भरून आणली. शेजारचा गडी त्याच वाटेनं दोनदा गेला होता, त्याला काही दिसलं नव्हतं. त्या रात्रीचं तोंडाक, अळम्यांची रस्साभाजी, अजून आठवतं.

मांडवीकाठ
हेच! हेच सांगत होतो!

तांबडी_माती
हेच काय? लोक असेच वाचून रानात घुसतात. रोयणीतली वाळवी आत बुरशीची शेती करते, त्यातून अळमी वर येतात. छत्री उघडायच्या आत कळ्या उपटल्या की बीजाणू पडणार कुठून? बाजारात पानात बांधून कळ्याच विकतात, आणि शहाणे लोक त्याच जास्त पैसे देऊन घेतात.

केप्याची_सून
आम्ही विकायला नव्हती आणली.

तांबडी_माती
सगळे असंच म्हणतात. पुढच्या वर्षी तिथं कोण गेलं होतं?

केप्याची_सून
सासरेच गेले. अळमी दरवर्षी त्याच जागी येतात. मग? जागा त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितली नाही, मुलालासुद्धा नाही. पणजीतल्या फ्लॅटात बसून आम्हाला रान शिकवू नका. ती रोयण आमच्या चार पिढ्यांनी कुदळ न लावता राखलीय.

उगीच_बडबड
म्हणजे दुसऱ्या वर्षीपासून सेरेंडिपिटी संपली, वहिवाट सुरू झाली. 😄

तांबडी_माती
मी फ्लॅटात राहत नाही, सत्तरी तालुक्यात राहते. आमच्या घरामागची रोयण रस्त्यासाठी बुलडोझरनं सपाट केली, म्हणून जीव तुटतो. तुमच्या सासऱ्यांना बोलले असेन तर चुकलं. कळ्यांचं मात्र मागे घेत नाही.

केप्याची_सून
कळ्या आम्हीही तोडत नाही. उघडलेल्याच चवीला बऱ्या.

उगीच_बडबड
मांडवीकाठ, तुमचा धागा अळम्यांनी खाल्ला. असो. पार्किंगवाल्याचं नशीब होतं, घ्या, मान्य. पण डिसेंबरात पणजीभर त्याच नावाचा कलामहोत्सव असतो, तेव्हा लोकांच्या तोंडी तो शब्द कसाही बसणारच. तुम्ही एकटे किती जणांना अडवणार?

मांडवीकाठ
अडवत नाही. पुरवठा करतो. तो वॉलपोल तेव्हा काही मोठं शोधत नव्हता. मित्रानं पाठवलेल्या बियांका कापेल्लो या व्हेनिसच्या खानदानी बाईच्या चित्रावरून त्या घराण्याचं चिन्ह जुन्या पुस्तकात चाळत होता, तिथं हवं ते दिसलं आणि त्या आनंदात हा शब्द सुचला. तुमचं 'जनावर धड आठवत नाही' मात्र बरोबर. उंटच आहे.

उगीच_बडबड
पण चिन्ह तो शोधतच होता ना? मग तुमच्याच नियमानं तीही सेरेंडिपिटी नव्हे!

मांडवीकाठ
...उद्या बघतो.

पहिल्यांदाच_लिहितोय
सगळं वाचलं. म्हैस सापडली का?

केप्याची_सून
तिसऱ्या दिवशी आपणहून गोठ्यात आली. सासरे तेव्हा अळम्यांपाशीच होते.