मदत हवी आहे: मॉर्फिन लागू पडेल का, हे आधी कळतं का?

रानजाई: जिल्हा रुग्णालयात आहे. कॅन्सरचा पेशंट, ट्रॅमाडॉल (वेदनाशामक) 100 मिग्रॅ दिवसातून 3 वेळा, तरी दुखणं 10 पैकी 8. नातेवाईक म्हणतात, जनुकीय चाचणी करूनच औषध बदलून मॉर्फिन द्या. सीवायपी2डी6 (ट्रॅमाडॉलला कामाचं रूप देणाऱ्या एन्झाइमचं जनुक) करू की ओपीआरएम1 (मॉर्फिन जिथे चिकटतं त्या ग्राहीचं जनुक)? उद्या राउंडच्या आधी ठरवायचंय.

खलबत्ता: कुठला कॅन्सर? दुखतं कुठे, कधी? क्रिएटिनिन (किडनीची तपासणी)? बाकी गोळ्या?

मात्रा: चाचणी कराच. सीवायपी2डी6 मंद असेल तर ट्रॅमाडॉलपासून कामाचा घटक नीट तयारच होत नाही, कितीही द्या.

खलबत्ता: रिपोर्ट येईपर्यंत पेशंटला कळवळत ठेवायचं? मॉर्फिनला ते एन्झाइम लागतच नाही. ओपीआरएम1 बद्दल म्हणाल, तर 2011 च्या युरोपीय अभ्यासात 2 हजारांवर रुग्ण तपासले, लागणाऱ्या डोसशी एकाही जनुकाचं नातं टिकलं नाही.

रानजाई: प्रोस्टेट, उजव्या मांडीच्या हाडात पसरलाय. क्रिएटिनिन 0.9. झोपून 3, उभं राहिलं की 8. ड्युलोक्सेटिन (नैराश्य आणि मज्जातंतूच्या वेदनेवरचं औषध) 60 मिग्रॅ चालू आहे.

गवतीचहा: मग चाचणी कशाला? ड्युलोक्सेटिनच त्या एन्झाइमला अडवतंय, जनुक उत्तम असलं तरी ट्रॅमाडॉल कमी पडणार. शिवाय दोन्ही मिळून सेरोटोनिन (मज्जातंतूंमधलं रसायन) वाढवतात. ते अती झाल्याचा घाम, थरथर आहे का बघा. ट्रॅमाडॉल थांबवा, ड्युलोक्सेटिन मात्र एकदम तोडू नका.

दुखणं किती लवकर आटोक्यात येईल याचा अंदाज बांधायला कॅन्सरच्या वेदनेचं एडमंटन वर्गीकरण वापरा: मज्जातंतूची वेदना, हालचालीने उसळणारी वेदना, मानसिक त्रास, व्यसन, आकलनशक्ती. तुमच्याकडे दुसरी गोष्ट ठळक आहे, म्हणजे आराम पडायला वेळ लागेल. मॉर्फिन सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 ला 5 मिग्रॅ, रात्री 10 ला 10 मिग्रॅ. मध्येच कळ आली तर जादा 5, उठवण्याआधी अर्धा तासही तेच.

मात्रा: त्यापेक्षा फेंटॅनिलचा (मॉर्फिनसारख्या औषधाचा) त्वचेवर चिकटवायचा पॅच लावा, दर 4 तासांची कटकट नाही.

गवतीचहा: वेदना आटोक्यात नसताना पॅच नको. पहिल्याचा असर यायलाच 12 तासांहून जास्त जातात, डोसही झटपट बदलता येत नाही. ताप आला की शोषण वाढतं ते वेगळंच.

एरंडेल: मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून पहिल्या दिवसापासून बिसाकोडिल (रेचक) रात्री सुरू करा. इसबगोल नको, पाणी कमी पिणाऱ्याचा मळ त्याने अडकतो.

कुंभा: सगळे गोळ्यांवरच भांडताय! मांडीचा एक्स-रे झालाय का? हाडाचं कवच पोखरलं असेल तर ते पाय टेकताना मोडू शकतं. रिपोर्ट येईपर्यंत वजन टाकू देऊ नका, ऑर्थोला दाखवा. रेडिओथेरपीचा 8 ग्रेचा (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं एकक) एकच डोसही चालतो, पण उतार पडायला काही आठवडे जातात.

रानजाई: एक्स-रे नाही, आत्ताच सांगते. मॉर्फिन वॉर्डात आहे. लागू पडतंय हे कशावरून ओळखू?

खलबत्ता: 24 तासांत किती जादा डोस लागले ते लिहून ठेवा. आराम पडतो पण 4 तासांच्या आत कळ परत येते, तर डोस कमी पडतोय, वाढवा. पेशंट गुंगतोय आणि दुखणं तसंच, तर वाढवू नका. तिथे कुंभांनी सांगितलेलं आधी करा.